मस्कतमधील एक दिवस आणि दीड तासाची तफावत

आमच्या खारबाव स्थानकावर वसईकडे आणि दिव्याकडे जाणाऱ्या गाड्या दिवसातून मोजक्याच. त्यामुळे गाडीची वेळ इथल्या माणसाच्या अंगात मुरलेली असते. माझी आई वयाच्या ७६व्या वर्षीही घड्याळाकडे न पाहता “आता दिव्याची गाडी येईल” असे सांगते, आणि बहुधा ती येतेही. हीच आई दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस मस्कतमधील एका विशाल मशिदीच्या संगमरवरी प्रांगणात उभी होती आणि हलक्या आवाजात मला विचारत होती, “अरे, दिव्याची गाडी गेली का?”

मी हसलो. ती थट्टा करते आहे असे मला वाटले. अठ्ठावीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या माणसाने त्या क्षणी हसायला नको होते.

ती सफर माझ्या कन्येने तिच्या पहिल्या नोकरीच्या बचतीतून ठरवली होती. दुबईला दोन दिवस नातेवाइकांकडे मुक्काम, तेथून जहाजाने चार रात्री आणि मध्ये एक पूर्ण दिवस ओमानची राजधानी मस्कत. आखातातील हवा ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सुखद असते, म्हणून अशी जहाजे याच काळात फिरतात. आईचा आरंभी विरोध होता. “खाडीकाठी जन्म गेला, आता समुद्र काय पाहायचा?” असा तिचा युक्तिवाद. पण नातीपुढे तो टिकला नाही.

तिला गेली १४ वर्षे मधुमेह आहे. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी, त्यानंतर वीस मिनिटांनी तांदळाची भाकरी व एक वाटी दूध असा तिचा न चुकणारा क्रम. तिच्या साखरेचे आकडे पाहून मला नेहमी समाधान वाटे. प्रवासाची वैद्यकीय तयारी मी स्वतःच केली आणि ती चोख आहे अशी माझी समजूत होती. सर्व औषधे हातातल्या पिशवीत ठेवली, कारण मोठे सामान चुकून दुसरीकडे गेले तर गोळ्या तरी जवळ असाव्यात. प्रत्येक औषधाची चिठ्ठी सोबत घेतली. आखाती देशांत ट्रॅमाडोल किंवा कोडीनयुक्त खोकल्याची औषधे जवळ बाळगण्यावर कडक निर्बंध आहेत. आपल्याकडे सर्रास मिळणारी बाटली तेथे अडचणीत आणू शकते, हे वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. मळमळीच्या गोळ्या घेतल्या. प्रवास विमा घेतला, कारण जहाजावरील डॉक्टरांची सेवा उत्तम असली तरी महाग असते.

या साऱ्या तयारीत एक गोष्ट माझ्या मनातही आली नाही. आईने मनगटावरचे घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवले होते.

भारत आणि आखातातील या देशांच्या वेळेत दीड तासाचे अंतर आहे. आपले घड्याळ पुढे. दीड तास तो काय, असे कोणीही म्हणेल. मीही तसेच म्हटले असते. दुबईत नातेवाइकांच्या स्वयंपाकघरात ती तिच्या वेळेला उठून, तिच्या वेळेला चार घास खाऊन मोकळी होत असे, म्हणून काही बिघडले नाही. जहाजावर मात्र न्याहारीची वेळ जहाजाच्या घड्याळाने ठरते. मस्कतच्या दिवशी आईने शिस्तीप्रमाणे सात वाजता गोळी घेतली. जहाजाच्या घड्याळात तेव्हा साडेपाच वाजले होते. आदल्या रात्री समुद्र थोडा खवळलेला होता. मळमळीमुळे दोन चमचे दहीभातावर तिचे जेवण आटोपले होते. सकाळी उपाहारगृह उघडले तेव्हा उतरण्याच्या घाईतील प्रवाशांची रांग लागली. “मला काही नको रे, पोट जड आहे,” असे म्हणत तिने अर्धा कप बिनसाखरेचा चहा घेतला. मी आग्रह केला नाही. कारण मला घाई होती.

घाईचे कारणही सांगतो. मस्कतची सुलतान काबूस भव्य मशीद बिगरमुस्लिम अभ्यागतांना सकाळी ८ ते ११ या वेळेतच पाहता येते आणि शुक्रवारी तीही सवलत नसते. जहाज थांबते मत्राह भागातील सुलतान काबूस बंदरात. मालवाहू जहाजांची वाहतूक २०१४ मध्ये सोहार बंदराकडे हलवल्यापासून येथे मुख्यतः प्रवासी जहाजे येतात. तेथून मशीद शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोटारीने अर्ध्या तासाच्या आत. माझ्या वहीत दिवसाचा आराखडा होता : मशीद, ऑपेरा हाउस, राष्ट्रीय संग्रहालय, राजवाडा, दोन किल्ले, मत्राहचा बाजार आणि साडेचारच्या आत जहाजावर परत. रुग्णांना ‘झेपेल तेवढेच करा’ असे सांगणाऱ्या माणसाची ही वही होती.

मशीद मात्र घाई सार्थ ठरवणारी आहे. १९९५ मध्ये बांधकाम सुरू होऊन २००१ मध्ये ती खुली झाली. तिच्या भिंतींसाठी ३ लाख टन वालुकाश्म भारतातून नेण्यात आला होता, हे कळल्यावर आईने एका खांबाला घरच्या माणसाला लावावा तसा हात लावला. स्त्रियांनी डोके, मनगटे आणि घोटे झाकावेत असा तेथे नियम आहे. आईने लांब बाह्यांचे पोलके, पायघोळ साडी आणि डोक्यापासून कमरेपर्यंत मोठी शाल असा जामानिमा केला होता. मुख्य सभागृहात १४ मीटर उंचीचे झुंबर आहे; माना वर करून सारे ते पाहत होते. माझी नजर मात्र खाली खिळली.

खाली गालिचा होता. सुमारे ७० मीटर लांब, ६० मीटर रुंद, अखंड. वजन २१ टन आणि गाठी १७० कोटी. इराणमधील ६०० विणकर स्त्रियांनी चार वर्षे खपून तो हातांनी विणला. अभ्यागतांना त्यावर पाय ठेवता येत नाही, ठरलेल्या पट्टीवरूनच चालावे लागते. आमचा भिवंडी तालुका यंत्रमागांचा. माझ्या दवाखान्यात कापडाकडे कापड म्हणून पाहणे मला जमत नाही. सूत म्हटले की तंतूंच्या धुळीने धरलेली छाती, मागांच्या खडखडाटाने मंदावलेले कान, बारा-बारा तास उभे राहून सुजलेल्या पोटऱ्या डोळ्यांपुढे येतात. १७० कोटी गाठींचा हिशेब ऐकताना त्या ६०० स्त्रियांची बोटे, पाठी आणि मान यांचा विचार मनात आला. कोणत्याही मार्गदर्शकाच्या वर्णनात गाठींची संख्या असते, गुडघ्यांची नसते. मी हे पत्नीला सांगत होतो. ती ऐकत नव्हती. ती आईकडे पाहत होती.

“अहो, आईंना इतका घाम का येतोय?”

बाहेर प्रांगणात आलो होतो. संगमरवरावर कोवळे ऊन होते, वारा होता. मी म्हणालो, “शाल जाड आहे, ऊन लागले असेल.” आईला सावलीच्या कमानीखाली बसवले, पाणी दिले. ती गप्प होती. नातीने काही विचारले तर चिडून ‘हूं’ म्हणाली, जे तिच्या स्वभावात नाही. त्यानंतर तो दिव्याच्या गाडीचा प्रश्न आला, आणि मी हसलो.

पत्नी वैद्यकीय शिक्षण घेतलेली नाही. तिने आईचा तळवा माझ्या हातात दिला. तो ओला आणि गार होता.

वाचकहो, उन्हाचा त्रास झालेल्या माणसाची त्वचा पाहून निदान करणे नेहमी सोपे नसते, उष्म्याने दमलेल्या माणसालाही दरदरून घाम येऊ शकतो. पण त्या दिवशी हवेत उष्मा नव्हताच. सुखद हवेत गार घाम, हातांना सूक्ष्म कंप, अकारण चिडचिड आणि असंबद्ध बोलणे, तेही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या वृद्ध व्यक्तीत, हे चित्र रक्तातील साखर उतरल्याचे आहे. दवाखान्यात हे लक्षण-चित्र मी दारातून ओळखले असते. आई समोर असताना मुलगा पाहत होता, डॉक्टर पाहत नव्हता. साखर मोजण्याचे यंत्र? ते जहाजावरील खोलीत मेजावर होते. सामान हलके ठेवण्याचा हट्टही माझाच.

अशा वेळी यंत्रासाठी थांबायचे नसते. ग्लुकोज किंवा साखर, तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचे आणि बरे वाटू लागताच काहीतरी पोटभरीचे खायला घालायचे. रुग्ण शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तरच तोंडाने काही द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाते. तेथे रुग्णालय हाच मार्ग.

आमच्या जवळ साखर नव्हती. परंतु मशिदीच्या आवारातच अभ्यागतांसाठी माहिती केंद्र आहे आणि तेथे येणाऱ्या प्रत्येकाला कहवा आणि खजूर देऊन बसवून घेण्याची रीत आहे. आईला दोन्ही बाजूंनी धरून आम्ही तेथे नेले. काळ्या अबायातील एक मध्यमवयीन स्वयंसेविका किटली घेऊन उभी होती. मी तोडक्या इंग्रजी-हिंदीत काही सांगू लागलो, तोच तिने आईचा चेहरा पाहिला आणि विचारले, “सुक्करी?”

अरबीत साखरेला ‘सुक्कर’ म्हणतात आणि मधुमेहाला त्याच शब्दावरून ‘सुक्करी’. आपल्या ‘शर्करा’ शब्दाने फारसीतून अरबीपर्यंत केलेला प्रवास भाषेचे अभ्यासक सांगतात. त्या दिवशी तो शब्द परत येऊन माझ्या आईपुढे उभा राहिला. त्या बाईंनी कहव्याची किटली बाजूला ठेवली, कारण तो कहवा वेलदोड्याचा, बिनसाखरेचा असतो. बिया काढलेले चार खजूर त्यांनी स्वतःच्या हातांनी आईला भरवले आणि आतून साखर घातलेले पाणी आणले. दहा-बारा मिनिटांत आईचा चेहरा निवळू लागला. तिने आजूबाजूला पाहिले, शाल सावरली आणि मला विचारले, “ही बाई कोण रे? हिचे आपण काय देणे लागतो?” काही देणे लागत नाही असे मी सांगितले, तेव्हा तिने त्या बाईंच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटे मोडली. बाईंना त्याचा अर्थ कळला असावा. त्यांनीही हसून छातीवर हात ठेवला.

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवायला भाग पाडतात, मग तुम्ही जेवला असा वा नसा. आणि त्यांचा प्रभाव दिवसभर टिकतो. म्हणून एकदा साखर दिली, बरे वाटले, आता चला पुढे, असे येथे चालत नाही. दुपारी साखर पुन्हा घसरू शकते. वाटेतील औषधाच्या दुकानातून मी नवे यंत्र विकत घेतले. आकडा ११८ आला. मग मोटारीत बसून मी वही मिटली. ऑपेरा हाउस गेले, संग्रहालय गेले. कन्येचा चेहरा किंचित उतरला, कारण २०१६ मध्ये उघडलेल्या त्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी तिने आधीपासून वाचन केले होते. पण ती काही बोलली नाही.

आमचा ओमानी चालक चांगली हिंदी बोलत असे. आई उतरणार नाही हे ओळखून त्याने मोटार हळूहळू जुन्या मस्कतमधून नेली. निळ्या-सोनेरी खांबांचा अल् आलम राजवाडा खिडकीतून दिसला. त्याच्या जवळच जुने शिवमंदिर आहे असे कळताच आईने बसल्या जागेवरून हात जोडले. कच्छ आणि सिंधचे व्यापारी येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले, मंदिरे त्यांचीच. १९७० पर्यंत या देशात रुपयाचेच चलन होते, हे चालकाने सांगितले तेव्हा आई म्हणाली, “मग परदेश कसला?” राजवाड्याच्या दोन बाजूंना कड्यांवर जलाली आणि मिरानी हे किल्ले उभे आहेत.

त्यांच्याविषयी मला आईला काही सांगायचे होते. पोर्तुगिजांनी १५०७ मध्ये मस्कत घेतले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे दोन किल्ले बांधले. त्याच पोर्तुगिजांकडे १५३४ मध्ये आपली वसई गेली. खारबावहून गाडीने तीन स्थानकांवर असलेल्या वसईचा किल्ला आणि समोरचे हे कडे, दोन्हींवर एकाच राजाचे निशाण दीर्घकाळ फडकत होते. ओमानींनी त्यांना १६५० मध्ये येथून घालवले आणि पुढे १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी थेट वसईवर धाड घातली. चिमाजी अप्पांना वसई घ्यायला १७३९ साल उजाडले. आईने सारे ऐकून घेतले. “म्हणजे यांनी आपल्या आधी हाकलले,” एवढेच ती म्हणाली, थोड्या नाराजीने.

अकराच्या सुमारास मत्राहच्या किनारी रस्त्यावर आलो. पत्नी आणि कन्या बाजारात गेल्या. मी आणि आई समुद्राकडे तोंड करून बाकावर बसलो. त्या दिवसातील उत्तम भाग कोणता असे कोणी विचारले, तर मी हे दोन तास सांगेन. समोर लाकडी गलबते, पलीकडे आमचे अवाढव्य पांढरे जहाज. या किनाऱ्यावरची जुनी गलबते मलबारच्या लाकडाची आणि काथ्याने शिवलेली असत, खिळ्यांवाचून. आईला हे मुळीच नवल वाटले नाही. तिच्या वडिलांकडे खाडीतली होडी होती आणि काथ्याचे महत्त्व तिला माहीत होते. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “इथे मासळी कुठे विकतात?”

नवा मासळी बाजार हाकेच्या अंतरावर आहे, नॉर्वेच्या स्नोहेट्टा या वास्तुरचनाकार संस्थेने आखलेला. सकाळची गर्दी ओसरली होती. आईने एका सुरमईचे कल्ले उचलून पाहिले, बोटाने पोट दाबले आणि समाधानाने मान डोलावली. विक्रेत्याने ‘कनद’ असे नाव सांगितले. आईने ‘सुरमई’ सांगितले. मग तारली आली, बांगडा आला. सकाळी दिव्याची गाडी शोधणारी बाई आता मासळीच्या ताजेपणावर परक्या माणसाशी मराठीत वाद घालत होती. बुद्धी ठिकाणावर असल्याची याहून खात्रीची चाचणी माझ्याकडे नाही.

तरीही एक वाजता साखर पाहिली तेव्हा आकडा ८४ होता, म्हणजे पुन्हा खाली येत होता. लगेच जवळच्या उपाहारगृहात भात आणि तळलेली सुरमई मागवली. ती अर्धी थाळी संपेपर्यंत मी माझ्या थाळीला हात लावला नाही.

आता जे मला छळते ते सांगतो. आमच्या भागात हिंदू-मुसलमान दोन्ही वस्ती. दरवर्षी रमजानच्या आधी मी माझ्या मधुमेही रुग्णांना बसवून सांगतो की सकाळची गोळी इफ्तारच्या जेवणाकडे कशी सरकवायची, कोणाची मात्रा कमी करायची, कोणी रोजा धरूच नये. एकादशीला, श्रावणी सोमवारला तेच. गोळी घड्याळाशी बांधलेली नसते, घासाशी बांधलेली असते, हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले आहे की कंपाउंडरलाही पाठ आहे. आईला ते मी कधी सांगितलेच नाही, कारण तिचा घास कधी चुकतच नसे. आणि तिच्या ‘उत्तम’ आकड्यांचे जे मला समाधान होते, त्याचाही पुनर्विचार करावा लागला. परतल्यावर तपासणीत तिची मूत्रपिंडे पूर्वीइतकी कार्यक्षम राहिलेली नाहीत असे दिसले. अशा शरीरात या गोळ्यांचा प्रभाव अधिक रेंगाळतो. वृद्धांच्या बाबतीत साखर थोडी वर राहिलेली परवडते, उतरलेली परवडत नाही. एक पडणे, एक मोडलेला खुबा, आणि सारा हिशेब बदलतो. तिची ग्लिमेपिराइड मी बंद केली. घरात कोणी सत्तरीपलीकडचे असेल आणि साखर अगदी काटेकोर ‘छान’ असेल, तर डॉक्टरांना हा प्रश्न एकदा विचारून पाहा.

साडेतीनला आम्ही जहाजावर परतलो. संध्याकाळी बंदर सुटताना आई डेकवर आली. कडे तांबूस झाले होते. मी तिच्या मनगटावरचे घड्याळ दीड तास मागे करू लागलो, तर तिने हात मागे घेतला.

“राहू दे. घरी काय वाजले ते मला कळायला हवे. तू मला जेवायच्या वेळी हाक मार, मी त्यानंतर गोळी घेईन.”

पत्नीने बाजारातून लोबान आणला होता, धोफारच्या झाडांचा, फिकट हिरवट खडे. खारबावला परतल्यावर पहिल्याच गुरुवारी आईने तो निखाऱ्यावर घातला. दम्याच्या रुग्णांना मी धुरापासून दूर राहायला सांगतो, म्हणून उठून खिडकी उघडली. बाहेरून दिव्याच्या गाडीचा भोंगा आला. आईने घड्याळ पाहिले नाही.

“आज सात मिनिटे उशीर,” ती म्हणाली.